इंजेक्टर साफ केले, बदललेही, तरी मिसिंग परत का येतं?

लक्षणं आधी सांगतो, तुमच्या गाडीशी जुळतात का बघा. सकाळी पहिला सेल्फ मारल्यावर गाडी चालू होते, पण आयडलला, म्हणजे रेस न देता नुसती चालू ठेवली की, थरथरते. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर हाताला कळतं. इंजिन तापलं की बरंच कमी होतं, रस्त्याला लागल्यावर पिकअपही ठीक असतो. मग एक दिवस चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावला की पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलेंडरला मिसफायर: त्यात इंधन धड पेटत नाही, यालाच आपण मिसिंग म्हणतो. आणि बऱ्याचदा जोडीला पी०१७१, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी. मिस्त्री म्हणतो इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा भाग, चोक झालाय. इंजेक्टर काढून साफ होतात, गाडी सुतासारखी सरळ चालते आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशा गाडीवर आपल्याकडं सगळा पैसा एकाच जागी ओतला जातो. माझं मत वेगळं आहे. पहिल्यांदा बिघडलेला इंजेक्टर खरोखर बिघडलेला असू शकतो. पण साफ केल्यावर बरी होऊन पुन्हा बिघडणाऱ्या गाडीत दुखणं बहुतेक वेळा इंजेक्टरच्या आत नसतंच, त्याच्या आजूबाजूला असतं: रबरी रिंग, वायरचा कपलर, फिल्टर नाहीतर टाकीतलं पेट्रोल. इंजेक्टर काढताना-घालताना यातली एखादी गोष्ट हलते, तात्पुरती सुधारते आणि श्रेय सफाईला जातं.

मी हे ज्या गाडीवर केलं ती आमच्या परभणीच्या दाजींची. पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो, २० व्हॉल्व्ह, १५० पीएस. स्कोडाचा संभाजीनगरजवळचा शेंद्र्याचा कारखाना २००१ला सुरू झाला आणि ऑक्टाव्हिया तिथंच जुळायच्या, त्यामुळं जालना-संभाजीनगर पट्ट्यात या गाड्यांवर हात बसलेले जुने मिस्त्री अजून सापडतात, ही आपली सोय. दाजी गाडी रोज काढत नाहीत. सणावाराला, लग्नाला, नाहीतर रविवारी जिंतूर रस्त्याला एक चक्कर. एरवी ती शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. फोनवर त्यांचं एकच म्हणणं, "अरे, परत मिसिंग करायली. एकदाचा नवा सेट घालून टाक ना, कटकट मिटंल." मी म्हटलं, "दाजी, घालू की. पण आधी जुन्याचा गुन्हा तर सिद्ध होऊ द्या."

पुढं जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. खाली लिहिलेलं फक्त अशा पेट्रोल इंजिनाला लागू आहे ज्यात इंजेक्टर इनटेकच्या नळीत पेट्रोल मारतो. तिथं रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, प्रेशर असतं साधारण ३ बार. नंतरच्या टीएसआय इंजिनांत इंजेक्टर थेट सिलेंडरच्या आत फवारतो, तिथं प्रेशर शंभर-दीडशे बारच्या वर जातं. काढायला वेगळा पुलर लागतो आणि टेफ्लॉनची सील बसवून ती ठराविक मापाला दाबून आणावी लागते. ते काम अंगणात करायचं नाही. डिझेलच्या कॉमन रेलला तर हातच लावू नका. त्या प्रेशरची धार कातडीतून आत शिरते आणि बोट गमवायची वेळ येते.

गुन्हा कुणाचा ते आधी शोधा

तिसऱ्या सिलेंडरचं मिसिंग असेल तर पहिला संशयित प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल, दुसरा प्लग, इंजेक्टर त्यानंतर. टर्बो पेट्रोलमध्ये प्लगच्या डोक्यावर बसणाऱ्या कॉइल उष्णतेनं जातात आणि त्या बदलायला पाच मिनिटं लागतात. तीन नंबरची कॉइल दोनवर टाका, कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली, विषय संपला. नाही झाला तर प्लगचीही तशीच अदलाबदल करा. नंबर टायमिंग बेल्टच्या बाजूनं मोजायचे, गिअरबॉक्सकडून नाही.

प्लग हातात आलाच आहे तर त्याचं तोंड बघा. कोरडा काळा काजळ बसलेला असेल तर पेट्रोल जास्त जळतंय किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढुरका, कोरडा ठणठणीत असेल तर त्या सिलेंडरला पेट्रोल कमी नाहीतर हवा जास्त. दाजींच्या गाडीचे तीन प्लग फिक्या बिस्किटी रंगाचे आणि तिसरा एकटाच पांढरा होता.

आता इंजेक्टरचे कपलर काढून मल्टीमीटर लावा. या प्रकारच्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स साधारण १२ ते १७ ओहमच्या दरम्यान येतो. आकड्यापेक्षा चौघांचा आपसातला फरक महत्त्वाचा. एखादा एकदम वेगळा आला तर त्याच्या आतली कॉइल जातेय. हे माप थंड इंजिनावर एकदा आणि चांगलं तापवून एकदा घ्या. गरम झाल्यावरच तुटणारी वायर थंडपणी निर्दोष सुटते. इग्निशन चालू करून कपलरच्या एका पिनवर बॅटरीइतका व्होल्ट यायला हवा. दुसरी पिन ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, अर्थ करतो. मीटरची जाड सुई पिनात घुसवू नका. पिन पसरते, मग सैल बसते आणि नवंच मिसिंग सुरू होतं.

गाडी चालू ठेवून लांब पेचकसाचं टोक इंजेक्टरच्या अंगावर आणि मूठ कानाला लावली की टिकटिक ऐकू येते. चारही सारखे वाजायला हवेत. मुका असेल तर वीज पोचत नाही किंवा आतला काटा अडकलाय. पण टिकटिक आली म्हणजे इंजेक्टर चांगला असं नाही, एवढं लक्षात असू द्या. तो उघडतोय एवढंच कळतं. किती नि कसं मारतोय ते कळत नाही.

सगळ्यांत जास्त माहिती फ्यूएल ट्रिम देते, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल देतोय तो आकडा, आणि तिच्याकडंच कुणी बघत नाही. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाईल पुरतो. आयडलला लाँग आणि शॉर्ट ट्रिमची बेरीज लिहून घ्या, मग अडीच हजार आरपीएमवर रेस धरून पुन्हा लिहा. आयडलला ट्रिम खूप वर आणि रेस दिल्यावर उतरली, तर बाहेरची हवा कुठून तरी आत शिरतेय. उलट आयडलला ठीक आणि जोर लावल्यावर ट्रिम चढत गेली, तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर, पंप, नाहीतर खरोखर चोक झालेले इंजेक्टर. दाजींच्या गाडीत आयडलला १८ टक्के होती, रेस धरल्यावर ७ वर आली. इंजेक्टर चोक असता तर हे उलटं दिसलं असतं.

त्या ७ टक्क्यांनीही घाबरायचं कारण नव्हतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला, म्हणजे ई२०ला, साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं आणि जुन्या गाडीचा ईसीयू ते ट्रिममध्ये वाढ दाखवून देतो. ई२० विक्री २०२३मध्ये सुरू झाली, २०२५पर्यंत ते सगळीकडं पोचलं. पी०१७१ आला की इथेनॉलला शिव्या देणं सोपं आहे. आपल्या भागातल्या उसातूनही ते बनतं हा भाग वेगळा. पण नुसत्या ई२०मुळं एकट्या तिसऱ्या सिलेंडरला मिसिंग होत नाही. मिश्रण बदललं तर चौघांचं बदलेल.

रेलचं प्रेशर

गेज सगळ्यांकडं नसतं, ओळखीच्या मिस्त्रीकडून अर्ध्या दिवसासाठी मागून आणा. या इंजिनात रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी लावलेली असताना आयडलला सुमारे २.५ बार आणि नळी काढली की ३ बार दिसतं. पीएसआयवालं गेज असेल तर साधारण ३६ आणि ४४. नळी काढल्यावर तिच्यात पेट्रोलचा ओलावा दिसला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, तोच बदला. गाडी बंद केल्यावर दहा मिनिटांनीही प्रेशर बऱ्यापैकी टिकायला हवं. झरझर उतरत असेल तर पंपाचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळणारा इंजेक्टर, तिघांपैकी एक. गरम गाडी बंद करून अर्ध्या तासानं चालू करताना लांब सेल्फ मारावा लागत असेल आणि चालू झाल्यावर पेट्रोलचा वास येत असेल, तर गळणाऱ्या इंजेक्टरवर संशय पक्का होत जातो. दाजींच्या गाडीला हेही दुखणं होतं. म्हणजे एकात एक दोन आजार, म्हणून तर इतके दिवस कुणाला पत्ता लागला नाही.

अदलाबदलीची मेख

आता सगळे सांगतात ती चाचणी: तीन नंबरचा इंजेक्टर एकवर, एकचा तीनवर. मिसिंग इंजेक्टरबरोबर गेलं तर इंजेक्टर दोषी. ऐकायला बिनतोड. पण इंजेक्टर उचलला की त्याच्या दोन्ही टोकांच्या रबरी रिंगा त्याच्याबरोबरच जातात. दोष रिंगेत असला तरी मिसिंग इंजेक्टरच्याच मागं मागं फिरणार आणि फाशी इंजेक्टरला होणार. म्हणून अदलाबदल करायची तर आठही रिंगा नव्या घालूनच करा. तेवढ्यानंच मिसिंग गेलं, तर उत्तर तुम्हाला काही रुपयांत मिळालं.

वरची रिंग रेलमध्ये बसते, ती पेट्रोल अडवते. तिची गळती नाकाला लगेच कळते. खालची रिंग इनटेकच्या तोंडाशी बसते आणि हवा अडवते. तिची गळती कुणालाच कळत नाही. आयडलला इनटेकमध्ये व्हॅक्यूम असतो, त्यामुळं खालची रिंग ढिली असली की त्या एका सिलेंडरमध्ये न मोजलेली हवा शिरते. जोर लावल्यावर व्हॅक्यूम जातो, टर्बोनं बूस्ट दिलं की गळतीची दिशाच उलटी होते. म्हणून रस्त्यावर गाडी ठणठणीत आणि सिग्नलला उभी राहिली की थरथर.

तपासायला स्मोक मशीन उत्तम, मोठ्या गॅरेजात असतं. घरी करायचं तर इंजिन थंड असताना, आयडलला, फवाऱ्याच्या बाटलीतून साबणाच्या पाण्याचा बारीक तुषार एकेका इंजेक्टरच्या बुडाशी मारा. कॉइल भिजवू नका. गळती असेल तिथं इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. बरेच जण कार्ब क्लीनर मारतात. तो जास्त ठळक दाखवतो, पण पेटतो, आणि गरम टर्बोच्या शेजारी मी तो मारणार नाही.

तिसऱ्याची खालची रिंग काढून हातात घेतली. गोल कडेला एका बाजूनं चपटी धार आलेली. नखानं दाबली तर खळगा तसाच राहिला, रबर परत वर आलं नाही. आतल्या काठाला अर्धचंद्रासारखी चीर, म्हणजे कोरडीच दाबून बसवली होती. आणि रंग हिरवा. हिरवी दिसली की व्हायटन समजायची आपल्याकडं पद्धत आहे. एसीवाल्यांकडं मिळणाऱ्या हिरव्या रिंगा वेगळ्या रबराच्या असतात, गॅससाठी बनवलेल्या. इंजिनाची उष्णता आणि इथेनॉलचं पेट्रोल यांत त्या किती टिकतील याचा भरवसा नाही. प्रत्येक सफाईनंतर बहुधा अशीच एखादी रिंग बसत होती. नवी असेपर्यंत हवा अडवायची, कडक झाली की मिसिंग परत.

मागताना रंग सांगू नका. फ्लुओरोकार्बन म्हणजे व्हायटन, इंधनासाठीची, असं सांगा. बॉशच्या जुन्या नेहमीच्या इंजेक्टरची रिंग आतून ७.५२ मिलिमीटर आणि जाडीला ३.५३ मिलिमीटर येते, तरी कॅलिपरनं आपली मोजून घ्या. मोंढ्यात पाण्याच्या पाईपसाठी त्याच मापाची मिळेल. ती घेऊ नका. काही इंजिनांत इंजेक्टर जिथं टेकतो तिथं प्लास्टिकची वेगळी वाटी असते. तिला तडा असेल तर रिंग कितीही चांगली घाला, उपयोग नाही.

मग नवे इंजेक्टर का घातले?

कारण दुसरा आजार, गळणारा इंजेक्टर, उरला होता. चारही इंजेक्टर संभाजीनगरला बेंचवर, म्हणजे इंजेक्टर तपासायच्या मशीनवर, लावून घेतले. बेंचवाल्याला नुसतं "साफ करून द्या" म्हणू नका. साफ करायच्या आधीचे आणि नंतरचे सीसीचे आकडे (कोण किती पेट्रोल मारतो), फवाऱ्याचा आकार आणि प्रेशरखाली बंद ठेवून गळतो का, या तिन्ही गोष्टी लिहून मागा. देत नसेल तर दुसरीकडं जा. चौघांतला फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत हवा. आमचे सीसीला जुळत होते, पण दोघांच्या टोकाला बंद स्थितीतही थेंब धरत होता आणि तो अल्ट्रासॉनिक सफाईनं गेला नाही. आतली बैठक झिजली की सफाईनं ती भरून येत नसते. अशा वेळी दोनच न बदलता चारही एकत्र बदलावेत असं माझं मत. जुन्या-नव्याचं जमवत बसलं की ट्रिमचे आकडे वाचताना परत गोंधळ.

मूळ पार्ट नंबरचाच सेट घ्या. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या चकचकीत सेटमध्ये धुऊन-पुसून नवे केलेलेही असतात, म्हणून नवे आले तरी आधी बेंचवर लावा. गाडीत घालून मग तपासण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

रिमॅप करून, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूतले आकडे बदलून, मोठे इंजेक्टर घालायचा मोह होणाऱ्यांसाठी थोडं गणित. टर्बो पेट्रोलला एका हॉर्सपॉवरमागं मिनिटाला साधारण सव्वासहा सीसी पेट्रोल लागतं, आणि इंजेक्टर ऐंशी टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नसतो. १५० हॉर्सपॉवरला चार इंजेक्टर असतील तर प्रत्येकी तीनशेच्या आसपास सीसी. १९०ला पावणेचारशे. ई२०साठी त्यावर आणखी आठ टक्के धरा. रेलचं प्रेशर ३ बारवरून ४वर नेलं तर तोच इंजेक्टर पंधरा टक्के जास्त मारतो, कारण प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणं वाढतो. यातलं काहीही केलं तरी मॅप बदलावाच लागतो. नुसते मोठे इंजेक्टर घालून "ईसीयू घेईल जुळवून" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आयडल बिघडतं, प्लग काळे पडतात आणि एव्हरेजही जातो.

काढणं-घालणं

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. काम उघड्यावर करा. शटर ओढलेल्या गाळ्यात नको, सर्व्हिसच्या खड्ड्यावर तर नकोच, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचून राहते. सकाळी करणार असाल तर अंगणातला पाणी तापवायचा बंब विझलेला आहे ना बघा. जवळ पावडरचं अग्निशामक नळकांडं ठेवा. उजेडाला एलईडी, तापणारा हॅलोजन नको. बिडी-सिगारेटवाला बघ्या लांबच बसवा.

पंपाचा फ्यूज झाकणावरचा तक्ता बघून काढा, गाडी चालू करा, रेलमधलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल. आणखी दोनदा सेल्फ मारा. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. तरीही नळी सोडवताना भोवती फडकं गुंडाळाच, थोडं पेट्रोल राहतंच.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. रेलला हात लावायच्या आधी सगळी जागा ब्रशनं आणि हवा मारून स्वच्छ करा. आपल्याकडच्या गाडीच्या इंजिनावर काळ्या मातीची पूड असतेच, आणि इंजेक्टर उचलला की त्याच्या भोवतीची चिमूटभर माती सरळ इनटेकच्या भोकात पडते. तिथून व्हॉल्व्हवर, मग सिलेंडरमध्ये. इंजेक्टर निघाल्याबरोबर भोकं टेपनं बंद करा. चिंधी कोंबणार असाल तर दोरे न सुटणारी.

कपलर वीस वर्षांच्या उष्णतेनं ठिसूळ झालेले असतात. तारेची क्लिप असेल तर ती बारीक पेचकसानं एका बाजूनं उचला. वायर धरून ओढू नका. दाजींच्या गाडीत तीन नंबरच्या वायरचं आवरण कपलरपासून बोटभर अंतरावर उंदरानं कुरतडलेलं निघालं. तांबं अजून तुटलं नव्हतं. गाडी आयडलला ठेवून वायर हलवली असती तर तेव्हाच कळलं असतं, म्हणून ही हलवून बघायची चाचणी वर सांगितलेल्या चाचण्यांत जमा करा. टेप गुंडाळून भागवू नका. तेवढा तुकडा कापून नवी वायर डाग देऊन जोडा आणि वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवा.

नळ्यांवर खुणा करा, कुठली येणारी नि कुठली परतीची. रेलचे दोन बोल्ट सोडवून रेल दोन्ही हातांनी सारखी, थोडी डावी-उजवी हलवत उचला. पेचकसाचा रेटा देऊन उचकटली तर अॅल्युमिनियमच्या बैठकीवर ओरखडा येतो आणि मग तिथूनच हवा शिरते. हटून बसली असेल तर गंजतेल मारून चहा पिऊन या.

बैठकीची चारही भोकं फडक्यानं पुसा. नव्या रिंगांना स्वच्छ इंजिन ऑइलचा एकेक थेंब लावा. ग्रीस नको, सिलिकॉन तर अजिबात नको. इंजेक्टर आधी रेलमध्ये बसवून क्लिपा लावा, मग अख्खी रेल चारही भोकांवर आणून तळव्यानं सारखी दाबा. बसताना हलकासा "टप" जाणवतो. बोल्टांनी ओढून बसवू नका, चीर पडते ती तिथंच. रेलचे बोल्ट लहान असतात, १० न्यूटन-मीटर पुरे. इंजेक्टर बसल्यावर बोटांनी थोडा फिरायला हवा.

चालू करायची घाई नको. बॅटरी आणि फ्यूज लावून नुसतं इग्निशन तीन-चारदा चालू-बंद करा, पंप रेल भरेल. प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर फिरवा. जरा जरी ओला झाला तर परत उघडा. सगळं कोरडं असेल तरच सेल्फ. नंतर कोड पुसून जुनी शिकलेली ट्रिम शून्यावर आणा आणि चांगली लांब चक्कर मारा. दाजींच्या गाडीची आयडलची ट्रिम आता ८च्या आसपास राहते, रेस धरल्यावर ७. दोन्ही आकडे जवळ आले याचा अर्थ चोरटी हवा थांबली. उरलेलं ई२०चं.

टाकीकडं बघितलं नाही तर नवे इंजेक्टरही त्याच वाटेनं जातील

फिल्टर बदला. या गाडीत तो पोटाखाली, मागच्या उजव्या चाकाच्या पुढं असतो. बाण इंजिनाच्या दिशेनं. जुना फिल्टर उलटा करून पांढऱ्या वाटीत रिकामा करा, टाकीत काय चाललंय ते वाटीत दिसतं. इथं टाकी प्लास्टिकची असल्यानं गंज नव्हता, पण बारीक माती होती. गावाकडं पंप लांब म्हणून कॅनमधून पेट्रोल ओतलं जातं, आणि तेच नरसाळं फवारणीलाही वापरलेलं असतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते घरी बघता येतं. शंभर मिलीची मोजनळी घ्या, ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घाला, बूच लावून हलवा, अधूनमधून वाफ सोडा, मग स्थिर ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. थर २८ला आला तर १८ मिली इथेनॉल, म्हणजे वीस टक्के. थोडा मागंपुढं चालेल. पाणी न घालताच टाकीतल्या पेट्रोलखाली वेगळा थर दिसला, तर टाकीत पाणी शिरून इथेनॉल त्याच्याबरोबर तळाला बसलंय. ती टाकी पूर्ण रिकामी करायची, दुसरा इलाज नाही. काढलेलं पेट्रोल नालीत ओतू नका.

गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. रिकामी जागा जितकी जास्त, तितकी दमट हवा आत. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं आयडलला सोडण्यानं फारसं काही होत नाही, इंजिन धड तापतही नाही. पंधरवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. आणि शेडमध्ये सरकी-पेंडीची पोती ठेवत असाल तर ती गाडीपासून लांब ठेवा. दाजींनी हलवलीत, बॉनेटखाली नव्या वायरवर अजून दात लागलेले नाहीत, पण मी दर वेळी बॉनेट उघडून बघतो.